शिंपल्यांचं छत

पलंग दारातून निघेना. धाकट्याने तो आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, शेवटी पाय सुटे केले तेव्हा कुठे तो बाहेरच्या बोळात आला. त्याच वेळी थोरली हातात बॅग घेऊन जिना चढून वर आली. आईच्या पलंगाचे पाय एकीकडे आणि धड एकीकडे बघून ती शेवटच्या पायरीवरच थांबली.

"हे काय चाललंय?"

"ताई? तू आज कशी?" धाकट्याने बाहीने कपाळ पुसलं. "फोन तरी करायचास."

"केला असता तर खरं सांगितलं असतंस?"

पलंगाचा एक पाय उचलून धाकट्याने दुसऱ्याच्या शेजारी सरळ लावून ठेवला. थोरलीला भावाची ही सवय लहानपणापासून माहीत होती. अडचणीत सापडला की हा वस्तू नीट लावायला लागायचा.

त्याला ओलांडून ती मधल्या खोलीत गेली. कपाट नव्हतं, आरसा नव्हता, आईचं इस्त्रीचं टेबलही नव्हतं. फरशीभर जुन्या चादरी अंथरलेल्या आणि मधोमध परांची उभी: दोन लोखंडी घोडे, वर दोन फळ्या. वर बघायचं तिने जरा टाळलं, मग बघितलं.

शिंपले जागेवर होते. भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. बाबांनी लग्नाआधी ओल्या गिलाव्यात गोल ब्रश टेकवून, मनगट वळवून काढलेले. थोरली ह्याच छताखाली लहानाची मोठी झाली होती. परगावी ती ज्या घरात इतकी वर्षं राहत होती, तिथलं छत कसं आहे असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. इथला कुठला शिंपला कुठे फुटलाय हे मात्र तिला डोळे मिटून सांगता आलं असतं.

"हे पाडणार तुम्ही?"

"पाडत नाही कुणी," मागून बाबा म्हणाले. डाव्या हाताने चौकट धरून ते दारात उभे होते. उजवा हात अंगाशी लटकत होता. त्यांच्या मोठ्या आजारपणानंतर तो खांद्याच्या वर जात नव्हता. "वरून गिलावा घ्यायचा. सपाट, पांढरं करायचं. तुझ्या आईला तसं हवं होतं."

"बाबा, आई गेली."

"म्हणून तर घाई आहे."

तेवढ्यात जिन्यावर मामांची काठी वाजली आणि पाठोपाठ मामांचा आवाज. आईचे हे भाऊ जन्मभर सुतारकाम करत होते. त्यांचा आवाज कायम करवतीच्या वर चढवलेला.

"आली का पोर? मीच बोलावली तिला. उगाच त्या पोराकडे डोळे वटारू नका, भावजी. ह्या घरात सगळे तोंडात गिलावा भरल्यासारखे गप्प, मग कुणीतरी बोलायला नको?"

"तू बोलत नाहीस कधी ते सांग," बाबा म्हणाले.

"बहिणीची आठवण आहे ती. अशी पुसून टाकायची?"

"तिची आठवण कसली? माझं काम आहे ते. तिने त्याला जन्मभर नावं ठेवली."

"खोटं आहे," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "आम्ही लहान असताना आई आमच्यामध्ये झोपून शिंपल्यांत तोंडं शोधायची. एक फुगऱ्या गालांचा होता, त्याला ती मामा म्हणायची."

"मला?" मामा म्हणाले.

"ते तुम्हाला झोपवायला," बाबा म्हणाले. "तुम्ही झोपलात की मला ऐकवायची. विचार मामाला. सांग रे, पहिल्या दिवशी काय म्हणाली ती? तू होतास तिथे."

मामा काठीच्या मुठीशी चाळा करत राहिले. ते आले होते थोरलीची बाजू घ्यायला. पण गोष्ट सांगायची संधी समोर असताना गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"ती तेव्हा इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीला होती," ते थोरलीला म्हणाले. "दिवसभर चादरी. हे आले होते तिथल्या भिंती करायला, हे तुला ठाऊक आहेच. तर लग्न ठरल्यावर ह्यांनी ही खोली घेतली, महिनाभर कुणाला आत येऊ दिलं नाही आणि मग तिला डोळे मिटायला लावून आत आणलं. म्हणाले, उघड. तिने उघडले. वर बघितलं. बघतच राहिली. आम्हाला वाटलं, आता रडते की काय आनंदाने. आणि म्हणते कशी, 'अहो, ह्या चुण्या कोण काढणार?'"

धाकट्याला हसू आलं. त्याने ते खोकल्यात लपवलं.

"म्हणाली, 'दिवसभर दुनियेच्या चादरींच्या चुण्या काढून घरी यायचं, आणि आडवं झालं की डोक्यावर चुरगळलेली चादर!' तिला सपाट हवं होतं. इस्त्री केल्यासारखं." मामा थांबले. गोष्ट संपली तेव्हा आपण कुणाच्या बाजूला जाऊन उभे राहिलो हे त्यांच्या लक्षात आलं. "म्हणायची खरी," ते पुटपुटले. "माझ्याकडे आली की सुद्धा म्हणायची."

"मी म्हटलं, करतो," बाबा म्हणाले. "जरा गिऱ्हाइकं बघून जाऊ देत, मग करतो. माणसं यायची नमुना बघायला. ती पलंगावर बसून काही शिवत असली तर उठायची, चुलीशी जाऊन उभी राहायची. नवराबायको इथे माना वर करून उभे आणि ही बाहेर. अर्ध्या गावाची छतं ह्या खोलीमुळे मिळाली मला. मग ती फॅशन गेली. लोक शिंपले झाकून घ्यायला लागले, तीही कामं मीच केली. लोकांची करून दिली. घरचं करतो करतो म्हणत राहिलो."

थोरलीला ह्या माणसाशी कसं भांडावं ते कळेना. तिला भांडायला कुणीतरी हवं होतं. धाकट्याची बायको, घरची सून, कोपऱ्यात बादलीत पाणी ओतत होती, तिच्याकडे ती वळली.

"आणि तुझं काय म्हणणं आहे, वहिनी? तुझा तर फायदाच आहे. जळमटं झटकायला नकोत."

सुनेने बादली खाली ठेवली. काहीतरी बोलायला ओठ उघडले, बाबांकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

"ते तर आहेच," ती म्हणाली आणि बाहेर निघून गेली.

"ताई," धाकटा हळूच म्हणाला, "आईचं सगळं तिनेच केलं शेवटी. तू हे बोलायला नको होतंस."

थोरलीलाही ते बोलता बोलताच कळलं होतं.

*

परांचीवर चढल्यावर धाकट्याचं डोकं छतापासून वीतभर अंतरावर आलं. इतक्या जवळून त्याने हे शिंपले लहानपणीच पाहिले होते, बाबांच्या खांद्यावर बसून. ब्रशच्या केसांनी ओढलेल्या बारीक रेघा अजून तशाच होत्या. दरवेळी रंग देताना बाबा हात इतका पातळ ठेवायचे की एकही रेघ बुजली नव्हती.

बाबांनी त्याला ही कला शिकवली होती. ब्रश टेकवायचा, दाबायचा नाही, आणि वळवायचं मनगट, खांदा नव्हे. त्याला ते छान जमायचं. पण तो कामाला लागला तेव्हा शिंपले मागणारं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. गावातल्या एकाही छतावर त्याने स्वतःचा शिंपला काढलेला नव्हता. बाबांचे मात्र त्याने कितीतरी बुजवले होते. अनोळखी घरात परांचीवर चढायचा, वर बघायचा आणि वळण बघूनच ओळखायचा. घरी येऊन ते कधी बोलला नाही.

"उंचवटे आधी खरवडून घे," खालून बाबा म्हणाले. त्यांनी खुर्ची दारात ओढून घेतली होती.

"माहितीय, बाबा."

"माहितीय तर हात का थांबलाय?"

धाकट्याने खरवडायचा पत्रा उचलला आणि खिडकीकडच्या पहिल्या शिंपल्याच्या कडेवर लावला. खर्र आवाज झाला, पांढरा भुगा त्याच्या भुवयांवर पडला. त्याने खाली बघितलं. बाबा डोळे मिटून बसले होते. दुसऱ्यांदा पत्रा लावला तेव्हा त्यांनी उघडले आणि मग शेवटपर्यंत मिटले नाहीत.

खरवडून झालं, छत धुऊन झालं, नवा माल जुन्याला धरावा म्हणून लावतात ते चिकट पाणीही लावून झालं. ते सुकेपर्यंत थोरलीने न विचारता बोळातला पलंग पुसून काढला. मामा त्याच पलंगाच्या धडाला टेकून पेंगले. दुपार कलल्यावर सुनेने घमेल्यात पहिला माल कालवला आणि धाकट्याने खिडकीकडून सुरुवात केली. थापीच्या एका ओढीत चारपाच शिंपले जायचे. आधी त्यांच्या खोलगट भागात माल भरायचा, कडा तेवढ्या दिसत राहायच्या, मग पुढच्या ओढीला त्याही जायच्या.

*

सून माल कालवत होती आणि तिचे हात जड झाले होते. मालामुळे नव्हे.

आई शेवटचे महिने ह्याच खोलीत उताण्या पडून होत्या. कुशीवर वळणं जमायचं नाही. दिवसभर समोर एकच गोष्ट, छत. सुरुवातीला त्यांनी नेहमीसारखी नावं ठेवली. मग हळूहळू ती थांबली. एकदा संध्याकाळी त्यांनी सुनेला वरचा दिवा बंद करायला सांगितला आणि टेबलावरचा छोटा दिवा खाली फरशीवर ठेवायला लावला. उजेड तिरका गेला. प्रत्येक शिंपल्याला सावली आली आणि छत एकदम खोल झालं, पाण्यासारखं.

"बघ," आई म्हणाल्या होत्या. "काय हात होता गं ह्यांचा. मी मेली नुसती भांडत बसले."

मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हे असंच राहू दे आता. आणि त्यांना सांगू नकोस. म्हणतील, जिंकलो."

सुनेने शब्द दिला होता, आणि आईंच्या माघारी तो पाळणं सोपं वाटलं होतं. पण काही दिवसांपूर्वी जेवताना बाबा अचानक म्हणाले, छत सपाट करू या, तिची एक इच्छा तरी पुरी करू. आजारपणानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर तेज दिसलं होतं. कुठला माल आणायचा, कुठल्या बाजूने धरायचं, सगळं ते भरभर सांगत सुटले. त्या तोंडाकडे बघून तिला सांगवलं नाही. आज सकाळी ताईंनी विचारलं तेव्हाही नाही.

आता अर्धं छत पांढरं झालं होतं. आपण गप्प राहून एका बाईचा शब्द पाळतोय की तिची इच्छा बुजवतोय, हे तिला कळेनासं झालं. तिने घमेलं परांचीवर चढवलं, हात धुतले आणि स्वयंपाकघरात गेली. बाबा घोटभर चहाला तिथे येऊन बसले होते.

"बाबा, एक सांगायचंय. सकाळीच सांगायला हवं होतं."

"सांग की."

"आईंना शेवटी सपाट नको होतं."

बाबांनी कप खाली ठेवला. तिने सगळं सांगितलं, दिव्याचं, सावल्यांचं. 'काय हात होता' हे शब्द आईंच्याच आवाजात तिच्या तोंडून निघाले. सांगून झाल्यावर तिला दिसलं, थोरली दारात उभी आहे आणि तिने सगळं ऐकलंय.

बाबा आधी हसले. "म्हणजे जिंकलो म्हणायचं मी," ते म्हणाले आणि पुन्हा हसायला गेले, पण ते हसणं मध्येच कुठेतरी अडकलं. त्यांनी चष्मा काढला. डाव्या हाताने पुसायला त्यांना जमेना, तेव्हा थोरलीने पुढे होऊन तो घेतला आणि पुसून दिला.

"अजून अर्धं आहे, बाबा," ती म्हणाली. "थांबवते मी त्याला. तेवढं तरी राहील."

"नको."

"अहो, पण तिलाच हवं होतं ना ते!"

"ऐक. तिला चहा कडक लागायचा. मला फिका. दोन भांडी कशाला म्हणून ती फिका प्यायला लागली. शेवटी शेवटी म्हणायची, मला फिकाच बरा वाटतो. आता हे आवडणं झालं का? माणसाला मागून मागून मिळालं नाही, की ते आहे त्यालाच जीव लावतं. तुझी आई तशी होती."

"पण खरंच आवडलं असेल तर?" थोरलीने विचारलं. सकाळची धार आता तिच्या आवाजात नव्हती. "तिला पडल्या पडल्या, खरंच, मनापासून?"

बाबांनी कप बाजूला सारला.

"असेलही," ते म्हणाले. "मला ते कधीच कळणार नाही. तोंडावर म्हणाली असती तर विचारलं असतं, खरं का गं? आता कुणाला विचारू? जन्मभर तिने माझ्याकडे एक मागितलं. ते मला देता येतंय. दुसरं तिने मागितलंच नाही माझ्याकडे, तुझ्या वहिनीकडे ठेवून गेली." मग ते सुनेकडे वळले. "तू सांगितलंस ते बरं केलंस. ते ऐकायला मी... बरं केलंस."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरलीने तिचा हात धरला. हात मालाने खरखरीत झालेला होता.

"मी सकाळी जे बोलले वहिनी," ती म्हणाली, "ते..."

"अरे, कुणी आहे का घरात?" मधल्या खोलीतून धाकटा ओरडला. "माल धरायला लागला! मी काय एकट्याने खाऊ आता हा?"

सगळे धावले. कालवलेला माल कुणासाठी थांबत नाही. सून बादलीशी गेली, आणि थोरलीने बाह्या सारून घमेलं उचललं. लहानपणी सुट्टीत बाबांच्या कामावर तिने ते उचललं होतं, त्यानंतर आजच. जागे झालेल्या मामांनी परांचीचा घोडा गरज नसताना दोन्ही हातांनी घट्ट धरला. "डावीकडे राहिलं! अरे डावीकडे!" ते ओरडत होते. बाबा दारातून नुसते थापीकडे बघत होते.

"हे घे," थोरली म्हणाली आणि भरलेलं घमेलं तिने भावाच्या पायाशी टेकवलं. त्याने खाली बघितलं. तिच्या केसांवर, भुवयांवर पांढरं बसलं होतं.

"ताई, करू ना?" त्याने हळूच विचारलं.

"कर."

शिंपले ओळीओळीने गेले. दाराकडचे शेवटचे राहिले तेव्हा धाकट्याने थापी जरा वेळ हातात तशीच धरली, मग एका ओढीत ते भरले. दुसरा थर चढला, लांब पट्टी फिरली, पाण्याचा फवारा मारून थापी पुन्हा पुन्हा फिरली. उन्हं उतरली तेव्हा धाकटा परांचीवरून खाली आला. त्याची मान वळत नव्हती आणि बोटं सरळ होत नव्हती.

"मोठी झाली रे खोली," मामा म्हणाले. कुणाला ते पटलं, कुणाला नाही, पण कुणी वाद घातला नाही.

मामा घरी गेले. थोरलीने बॅग उघडून कपडे काढले. म्हणजे ती आज राहणार होती, उद्याही बहुधा. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आणि दोघींच्या बोलण्याचा आवाज यायला लागला. सून आईबद्दल काहीतरी सांगत होती आणि थोरली मध्येच, "अगं, मलाही असंच म्हणायची," असं म्हणत होती.

बाबा मधल्या खोलीत गेले. परांची बाजूला सरकवलेली होती. छत अजून ओलं होतं, करड्या रंगाचं, वाळलं की पांढरं होणार होतं. खिडकीतून आलेला उजेड त्यावरून विनाअडथळा पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला होता. जन्मभराच्या सवयीने त्यांची नजर चूक शोधत फिरली. खिडकीजवळ एक अगदी किंचित फुगवटा होता. पोराला सांगावं असं मनात आलं, पण ते गेले नाहीत.

त्यांनी मान आणखी मागे टाकली. सुरकुती नव्हती, रेघ नव्हती. कुणाच्याही हाताची खूण नव्हती.

"झालं गं," ते म्हणाले. "बघ आता."

रिकाम्या खोलीत त्यांचाच आवाज फिरून परत आला. ते तसेच मान वर करून उभे राहिले, कारण उत्तर द्यायला ती नेहमीच जरा वेळ घ्यायची.